डोळ्यांचे थेंब: 'काहीच होत नाही' म्हणून बंद करावेत का?

भोपळीमिरची
मुलगा आठ वर्षांचा. गेली तीन वर्षं होळी झाली की त्याचे डोळे सुरू होतात. लालभडक, दिवसभर चोळत बसतो, सकाळी उठल्यावर दोऱ्यासारखा चिकट पांढरा स्राव. उजेडाकडे बघवत नाही. आम्ही जळगावचे, त्यामुळे ऊन आणि धुळीबद्दल वेगळं सांगायला नको.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोडियम क्रोमोग्लायकेटचे थेंब दिले. २ टक्के, दिवसातून चार वेळा, आणि वर "पावसाळा लागेपर्यंत थांबवायचे नाहीत". आठ दिवस इमानेइतबारे घातले. फरक शून्य. मग जाऊबाईंनी त्यांच्या मुलाची एक बाटली दिली, मेडिकलमधून आणलेली. रात्री एक थेंब घातला आणि सकाळी डोळे पांढरेशुभ्र! त्यावर डेक्सामेथासोन असं लिहिलंय. आठवलं, गेल्या उन्हाळ्यातही मी हीच आणली होती, दोन-तीन बाटल्या संपल्या असतील.

आता मला सांगा, जे काम करत नाही ते चार वेळा घालायचं आणि जे एका रात्रीत काम करतं ते घालायचं नाही, हे कुठलं गणित? सासूबाईंचं तिसरंच, त्या गुलाबपाण्याची बाटली घेऊन मागे लागल्यात.

खवचट खंडू
सासूबाई, जाऊबाई आणि डॉक्टर असा तिरंगी सामना. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

आरती_नाशिक
आमच्याकडे सेम. मुलीला नाही, मुलालाच. क्रोमोग्लायकेट आम्हीही मध्येच सोडलं होतं. वाचते आहे.

गवती चहा
गुलाबपाणी घालू नका. मी सगळ्या घरगुती उपायांची खंदी पुरस्कर्ती, तरी डोळ्यांत काही घालायचं तर ते निर्जंतुक हवं, एवढं मलाही कळतं. थंड पाण्याच्या घड्या बंद पापण्यांवर ठेवा. त्याने खाज खरंच उतरते.

नेत्रपल्लवी
भोपळीमिरची, डेक्सामेथासोन हा शब्द वाचून जेवण अर्धं टाकून लिहायला बसले आहे. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. इथे बसून तपासणी होत नाही, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ते स्टेरॉइड आहे. एका रात्रीत डोळे पांढरे होतात ते त्यामुळेच. या मुलांमध्ये दिसणाऱ्या उन्हाळी ॲलर्जीत (मुलग्यांना जास्त, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून, बहुतेकांची वयात येताना आपोआप कमी होते) आम्हीही कधीकधी स्टेरॉइड देतो. वरच्या पापणीच्या आत खडबडीत गाठी येतात, त्या घासून बुबुळावर जखम झाली तर द्यावंच लागतं. पण मोजक्या दिवसांसाठी, आणि डोळ्याचा दाब तपासत. कारण काही मुलांमध्ये या थेंबांनी दाब काही आठवड्यांतच वाढतो. साधारण १० ते २१ ही नेहमीची पातळी, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. तो ३०-४० वर गेला तरी मुलाला काहीही दुखत नाही. तो क्रिकेट खेळतोय, डोळे छान पांढरे आहेत, आई खूश आहे, आणि आत दृष्टीची नस मरतेय. हाच काचबिंदू. थेंब थांबवल्यावर दाब बहुतेक वेळा उतरतो, मेलेली नस परत येत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलं एका बाजूचं दिसत नाही म्हणून येतात आणि आई पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून दाखवते. अशा वेळी काय बोलावं हे मला अजून जमत नाही.

या आठवड्यात दाब तपासून घ्या. सोबत जाऊबाईंच्या मुलालाही न्या. थेंब किती दिवस गेलेत त्यावर कसे थांबवायचे ते ठरतं, त्यामुळे जे घातलंय ते डॉक्टरांना लपवू नका. ओरडतील, ओरडू देत.

भोपळीमिरची
वाचून हातपाय गार पडले. उद्याच जाते.

पुडीवाला
सांगलीत तीस वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. ताईंनी सांगितलं ते सोळा आणे खरं. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत, ते शेड्यूल एच मध्ये येतात. पण गिऱ्हाईक रिकामी बाटली काउंटरवर आपटून "हीच द्या" म्हणतं आणि बाटली जाते. कबूल करतो, सुरुवातीची काही वर्षं माझ्या हातूनही गेली. नंतर एका मुलाचं पाहिलं आणि थांबलो.

आता मूळ प्रश्न, क्रोमोग्लायकेट काम का करत नाही. ते काम करतं, पण तुम्हाला दिसेल असं करत नाही. मी गिऱ्हाइकांना दिवाळीच्या भाषेत सांगायचो.

आपल्या डोळ्यांच्या, नाकाच्या, श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामीन वगैरे दारूगोळा बारीक दाण्यांत भरलेला. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या या पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडं वाती लावल्यासारखी चिकटून असतात. पराग किंवा धूळ आली, दोन वातींना एकदम चिकटली, की लवंगी माळ फुटली म्हणून समजा. खाज, पाणी, लाली, सूज.

सेटिरिझिनसारखी गोळी म्हणजे कानात बोटं घालणं. माळ फुटतेच, पण हिस्टामीनचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. स्टेरॉइड म्हणजे हवालदार, अख्ख्या गल्लीची दिवाळी बंद. आणि क्रोमोग्लायकेट म्हणजे माळेवर आधीच ओलं फडकं टाकून ठेवणं. फुटून गेलेल्या माळेवर फडकं टाकून काय उपयोग? तुम्ही सुरू केलंत तेव्हा त्याच्या डोळ्यांत नरकचतुर्दशीची पहाट चालू होती. आधीचं सगळं निवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि फडकं वाळतं म्हणून दिवसातून चार वेळा.

खवचट खंडू
पुडीवाले, तुम्ही दुकान बंद करून कीर्तन सुरू करा. पहिल्या रांगेत मी.

आरती_नाशिक
फडकं!! आता कळलं. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "प्रिव्हेन्टिव्ह आहे" एवढंच सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

शंकासुर
उपमा झकास. पण "काम करतं पण दिसत नाही" हे वाक्य मला ताईत विकणारेही ऐकवतात. पुरावा?

नेत्रपल्लवी
शंका रास्त. खऱ्या आणि बिनऔषधी थेंबांची तुलना करून झालेल्या चाचण्यांमध्ये ॲलर्जीच्या डोळ्यांना याचा फायदा दिसलेला आहे. गंमत अशी की ते पेशीला नेमकं कसं थोपवतं हे आजही पूर्ण उलगडलेलं नाही. पेशीत कॅल्शियम शिरलं की दाणे बाहेर फेकले जातात, आणि हे औषध ते शिरणं अडवतं, असं आम्हाला शिकवलं. नंतर आणखीही वाटा सापडल्या.

त्याचा मोठा गुण म्हणजे ते शरीरात जवळपास शोषलंच जात नाही. गिळलं तरी एखादा टक्काच रक्तात जातो. त्यामुळे महिनोन् महिने मुलांना देताना आमची झोप उडत नाही. थोडी चुरचुर सोडली तर तक्रार नाही.

किडामुंगी
धाग्याचा विषय निघालाच आहे तर या औषधाचा जन्म सांगतो, मला ही गोष्ट फार आवडते.

रॉजर अल्टुन्यान. जन्म १९२२, सीरियातल्या अलेप्पो शहरात. आर्मेनियन-इंग्रज डॉक्टरांचं घराणं, आजोबांनी तिथे इस्पितळ काढलेलं. दुसऱ्या महायुद्धात हा ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता, मग डॉक्टर झाला आणि इंग्लंडात औषध कंपनीत लागला. स्वतःला दमा.

कंपनीत 'खेला' नावाच्या वनस्पतीवर काम चाललेलं. भूमध्य समुद्राच्या आसपास उगवणारं तण, शास्त्रीय नाव अमी विस्नागा. इजिप्तमध्ये पोटशूळ, मुतखडा यांवर जुन्या काळापासून वापरात. तिच्या फुलांच्या वाळलेल्या काड्यांनी लोक दातही कोरतात. आपल्या ओवा-बडिशेपेच्याच कुळातली. तिच्यातल्या खेलिन या द्रव्याने आवळलेले स्नायू सैल पडतात, म्हणून त्याची नात्यातली संयुगं बनवून दम्यावर बघत होते.

पण नव्या संयुगांनी श्वासनळी सैल पडेना, आणि गिनीपिगवरच्या नेहमीच्या चाचण्यांतही ती चमकेनात. फेकून द्यायची वेळ. हा गडी काय करायचा, गिनीपिगच्याच केसांचा अर्क काढून स्वतः हुंगायचा! त्याला त्यांची ॲलर्जी. दमा उठला की फुंकर किती घटली ते मोजायचा. मग एखादं संयुग आधी हुंगून, नंतर अर्क हुंगून पुन्हा मोजायचा. वर्षानुवर्षं हेच. आणि लक्षात आलं की काही संयुगं दमा उठल्यावर दिली तर निरुपयोगी, पण आधी घेतली तर दमा उठतच नाही. पुडीवाल्यांचं ओलं फडकं! १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेट तयार झालं आणि दोन-तीन वर्षांत बाजारात आलं.

ते भुकटीच्या रूपात हुंगायचं, त्यासाठी त्याने जे यंत्र काढलं त्यात छोटा पंखा होता. रुग्ण श्वास आत ओढेल तसा पंखा फिरायचा आणि कॅप्सूलमधली भुकटी उडायची. हे विमानाच्या पंख्यावरून सुचलं होतं. वैमानिकी कामाला आली ती अशी.

याच खेलिनच्या नातलगांतून पुढे अमियोडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांचं औषधही निघालं. एका दात कोरायच्या काडीतून दोन औषधं.

शंकासुर
गोष्ट भारी. पण एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग म्हणजे नमुनासंख्या एक. मुळात त्याला माहीत होतं आपण काय घेतलंय.

किडामुंगी
मान्य. पण त्याने दार दाखवलं, नंतर इतर रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्याच. शिवाय फुंकरीचा आकडा हा "बरं वाटतंय" पेक्षा बरा पुरावा. आपल्याकडे चुलत मावशीला बरं वाटलं एवढ्यावर औषध ठरतं.

खवचट खंडू
माझी चुलत मावशी हा धागा वाचते. जपून.

तोक्योकर
मी तोक्योत सहा वर्षं आहे, कंपनीतर्फे आलो तो राहिलोच. इथल्या 'काफुन्शो'बद्दल लिहायलाच हवं. म्हणजे परागांची ॲलर्जी. युद्धानंतर डोंगरच्या डोंगर एकाच जातीच्या झाडांनी लावले, त्या झाडाचं जपानी नाव सुगी. फेब्रुवारी ते एप्रिल त्याचे पराग शहरभर. टीव्हीवर पावसासारखा परागांचा अंदाज सांगतात, उद्या जास्त, परवा फार जास्त. आपल्याकडे सुगी आली की शेतकरी हसतो, इथे सुगी आली की अख्खं शहर रडतं, शब्दशः.

पहिली दोन वर्षं मला काही नाही. मी सहकाऱ्यांना हसायचो. तिसऱ्या वर्षी माझा नंबर लागला.

मुद्दा असा की इथले डॉक्टर सुगीचे पराग सुटण्याच्या आधी औषध सुरू करायला सांगतात. जानेवारीच्या शेवटी जायचं, गोळ्या-थेंब घ्यायचे, तेव्हा डोळ्यांना काहीही झालेलं नसतं. निरोगी डोळ्यांत थेंब घालताना येडपट वाटतं. पण ज्या वर्षी वेळेत सुरू केलं ते वर्ष आणि ज्या वर्षी आळस केला ते वर्ष, जमीन-अस्मानाचा फरक. भोपळीमिरचीताई, तुम्ही होळीनंतर सुरू केलं. ते माघातच सुरू व्हायला हवं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या यवतमाळात माघ काय अन् चैत्र काय, धूळ बाराही महिने. आम्ही केव्हा सुरू करावं मग?

नेत्रपल्लवी
हाहा. ज्यांना बाराही महिने त्रास असतो त्यांना आम्ही बाराही महिने देतो, ठेचा. त्रासाचं कॅलेंडर एकदा लिहून काढा, कुठल्या महिन्यात काय. डॉक्टरला त्या कागदाचा रिपोर्टपेक्षा जास्त उपयोग होतो.

अटलांटाची आत्या
इकडे वसंतात पाईनचे पराग म्हणजे गाडीवर हळद सांडल्यासारखं पिवळं. आश्चर्य म्हणजे पाईनच्या त्या हळदीने फारसं काही होत नाही, ते कण मोठे. त्रास देतात ते त्याच वेळी उडणारे ओक वगैरेचे न दिसणारे पराग. शिव्या मात्र पाईन खातं.

इथे क्रोमोलिन (क्रोमोग्लायकेटचंच अमेरिकन नाव) नाकाचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. खोक्यावरच लिहिलेलं असतं की पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतील. दिवसातून तीन-चार वेळा मारायचा म्हणून लोक कंटाळतात आणि स्टेरॉइडचा फवारा घेतात, तो एकदाच. नाकातला स्टेरॉइड फवारा आणि डोळ्यांतले स्टेरॉइड थेंब यांत फरक आहे ना डॉक्टर? की मी पण घाबरू?

नेत्रपल्लवी
आत्या, फरक आहे. नाकाचे फवारे नियमित वापरायला बरेच सुरक्षित आणि क्रोमोग्लायकेटपेक्षा गुणकारी आहेत. दम्यातही हुंगायच्या स्टेरॉइडांनी त्याची जागा घेतली ती याचमुळे. स्टेरॉइड हा शब्द ऐकून सगळं बंद करणं ही दुसरी टोकाची चूक. दम्याच्या मुलाचा पंप या धाग्यामुळे कुणी बंद केला तर मला फार वाईट वाटेल. माझी तक्रार डोळ्यांतल्या, चिठ्ठीशिवायच्या, न मोजलेल्या थेंबांबद्दल आहे.

झोपाळू_जोशी
ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी: केटोटिफेन! याच घराण्यातलं, मास्ट पेशींना आवरणारं आणि शिवाय हिस्टामीनही अडवणारं. ऐंशीच्या दशकात मला दम्यासाठी सिरप असायचं. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला मी घोरायचो. गुरुजींनी एकदा वर्गाला सांगितलं, "आवाज करू नका, जोशी झोपलेत." आणि भूक? सहावीत मी एका बैठकीत नऊ पोळ्या खायचो. आईला वाटायचं औषध लागू पडलं, पोरगं अंग धरतंय.

पुडीवाला
झोप आणि भूक, दोन्ही त्याचेच गुण. पोटातून घेतल्यावर. थेंबांतून घेतलं तर तितकं नाही.

त्यावरून राहिलेलं सांगतो. आता ओलोपॅटाडीन नावाचे थेंब जास्त चालतात. ते दोन्ही कामं करतात, फडकंही टाकतात आणि कानात बोटंही घालतात. म्हणून खाज काही मिनिटांत कमी होते आणि दिवसातून दोनदाच, जास्त शक्तीचे असले तर एकदाच. किंमत जास्त. भोपळीमिरची, चार वेळा जमत नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. स्वतःहून बदलू नका, माझ्या नावावर तर अजिबात नाही.

समुद्रफेणी
प्रश्न. मला कोळंबीची ॲलर्जी. मालवणात जन्म आणि कोळंबी नाही, हा शाप काय असतो ते विचारू नका. गेल्या वर्षी लग्नात चुकून रस्सा खाल्ला तर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा दाटल्यासारखा झाला. हे फडकं आधी टाकून, म्हणजे ही औषधं आठवडाभर घेऊन, नारळीपौर्णिमेला थोडी कोळंबी खाता येईल का?

नेत्रपल्लवी
नाही. नाही. आणि तिसऱ्यांदा नाही.

घसा दाटला होता म्हणताय. पुढच्या वेळी श्वास किंवा रक्तदाब जाऊ शकतो. ती वेळ आली तर उपयोगाचं औषध एकच, ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. थेंब, फवारे, सेटिरिझिन यांपैकी कुणीही ती जागा घेऊ शकत नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, ॲड्रेनालिन जवळ ठेवायचं का ते विचारा, आणि लग्नात रस्सा वाढणाऱ्याला दोनदा विचारा.

समुद्रफेणी
बरं बाई. सोलकढीवर समाधान.

गवती चहा
कांद्यातलं क्वेर्सेटिन मास्ट पेशींना शांत करतं असं वाचलंय. रोज कच्चा कांदा खाऊन बघायला काय हरकत?

शंकासुर
काचेच्या भांड्यातल्या पेशींवर दिसलं म्हणजे झुणका-भाकरीबरोबरच्या कांद्यात तेवढा डोस आहे असं होत नाही.

खवचट खंडू
कच्चा कांदा कापताना आधी डोळ्यांतून पाणी, मग तोच डोळ्यांच्या ॲलर्जीवर उपाय. याला म्हणतात काट्याने काटा काढणे.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर: मोंटेलुकास्ट पण याच्यातच येते का? पोराले देतात डॉक्टर, नाकासाठी.

पुडीवाला
नाही, ते वेगळं. मास्ट पेशी हिस्टामीनशिवाय ल्युकोट्राइन नावाची द्रव्यंही सोडतात, मोंटेलुकास्ट त्यांची दारं बंद करतं. पेशीला आवरत नाही. ते घेताना मुलाची झोप, चिडचिड, वागणं बदलतंय का यावर लक्ष ठेवा. अमेरिकेत २०२० साली त्यावर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला.

पुणेरी_पगडी
आमच्या पुण्यातल्या गाजरगवताबद्दल कुणीच बोललं नाही? १९५० च्या दशकात भारतात ते पहिल्यांदा पुण्यातच दिसलं होतं. मला त्याने कोपरांवर, मानेवर खरूज उठल्यासारखं होतं. क्रोमोग्लायकेट चालेल?

खवचट खंडू
जगातली कुठलीही गोष्ट पहिल्यांदा पुण्यातच. ॲलर्जी धरून.

नेत्रपल्लवी
पगडी, गाजरगवताने दोन वेगवेगळे प्रकार होतात. परागांनी शिंका-डोळे, ते मास्ट पेशींचं काम. पण तुम्ही सांगताय तो त्वचेचा प्रकार स्पर्शाने होणारा, दुसऱ्याच पेशींचा, एक-दोन दिवसांनी उठणारा. तिथे ही औषधं कामाची नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

किडामुंगी
अवांतराला अवांतर: 'मास्ट' नाव पाउल एर्लिख यांनी दिलं, १८७८ च्या प्रबंधात. तेव्हा ते विद्यार्थीच होते. पेशीच्या पोटात ठासून भरलेले दाणे पाहून त्यांना वाटलं ही खाऊन-पिऊन पुष्ट झालेली दिसते. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावर चारून माजवणं.

खवचट खंडू
म्हणजे मस्त पेशी. आधी मस्त खाणार, मग मस्ती करणार.

भोपळीमिरची
परत आले. कालच दाखवून आणलं. दाब एका डोळ्यात २६, दुसऱ्यात २४. नस अजून ठीक आहे म्हणाले. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. जाऊबाईंच्या मुलाला न्यायला दीर तयार नव्हते, मी इथली डॉक्टरताईंची पोस्ट वाचून दाखवली. आज संध्याकाळी नेतायत.

क्रोमोग्लायकेट चालू ठेवलंय. दुपारचा थेंब शाळेत कोण घालणार हा प्रश्न आहे.

आरती_नाशिक
सकाळी शाळेला निघताना सात, घरी आल्या आल्या एक, संध्याकाळी खेळायला जायच्या आधी पाच, झोपताना नऊ. शाळेत पाठवायची गरजच नाही. आम्ही असंच करतोय, कालपासून. :)

नेत्रपल्लवी
उत्तम. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, औषध घशात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. आणि चोळणं थांबवा, कसंही करून. वर्षानुवर्षं चोळून बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, ती वेगळीच दुखणी. टोपी, गॉगल, बाहेरून आला की गार पाण्याने तोंड धुणं, रात्री उशीचा अभ्रा स्वच्छ. यातलं एकही औषध नाही आणि सगळं कामाचं आहे.

तोक्योकर
गॉगलला दुजोरा. इथे तर बाजूने बंद असलेले खास चष्मे मिळतात. मी ते घालून मीटिंगला बसतो, वेल्डर वाटतो, पण डोळे शाबूत.

*(धागा वर काढला आहे)*

भोपळीमिरची
जवळपास वर्षाने लिहिते आहे. दाब दीड महिन्यात उतरला, आता दोन्हीकडे १५-१६. दर तीन महिन्यांनी तपासतो. जाऊबाईंच्या मुलाचा आकडा इथे लिहीत नाही, त्याचे उपचार चालू आहेत.

यंदा माघी गणपती झाले त्याच दिवशी थेंब सुरू केले. डोळे तेव्हा स्वच्छ होते, त्यामुळे चिरंजीव विचारत होते, "काही झालंच नाही तर कशाला?" फटाक्यांची माळ आणि ओलं फडकं सांगितलं. पटलं. पटलं म्हणजे काय, आता शेजारच्या मुलांना तोच सांगत फिरतो.

होळी झाली, तीन आठवडे झाले. अगदीच काही नाही असं नाही. मागच्या रविवारी मैदानावर दिवसभर मॅच होती, धुळीत लोळून आला, संध्याकाळी एक डोळा लाल. घड्या ठेवल्या, दोन दिवसांत उतरलं. पण मागच्या वर्षीचा दोरा, उजेडाकडे बघवत नाही, शाळा बुडवणं, यातलं काही नाही. सासूबाईंनी गुलाबपाणी खिरीत घालायला काढलं.

शंकासुर
एका मुलाचा एक उन्हाळा. नमुनासंख्या एक.

पण आनंद झाला. मनापासून.

पुडीवाला
ताई, एक विचारतो. माघी गणपतीला बाटली उघडलीत ती अजून तीच चालू आहे का?

भोपळीमिरची
हो, थोडी उरलीये तळाला. का?

पुडीवाला
उघडल्यापासून महिन्याभरात बाटली फेकायची असते, औषध उरलं असलं तरी. आजच नवीन आणा. आणि नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.